पोरांनी जायचं कुठं?

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळी बायका जमल्या की विषय कुठूनही सुरू होतो, कुरडयांपासून नाहीतर लाइटबिलापासून. पण माझ्यापाशी आला की तो सरळ बगिच्यात जातो. बाकीच्या म्हणतात, झालं, ही पेटली. पेटते मी. लहान मुलांना घेऊन जळगावात नि धुळ्यात दोन-चार उन्हाळे हिंडून बघा, तुम्हीही पेटाल. असे किस्से जमवायला जावं लागत नाही. पोरांच्या बुटातून वाळू येते तसे ते आपोआप घरात येतात.

आधी आमची टोळी सांगते. मी शाळेत शिकवते. माझी मुलगी यशू, पहिलीतली. नवरा राहुल नरडाण्याच्या कारखान्यात आहे, त्याची सुट्टी कधी सोमवारी, कधी गुरुवारी. शेजारच्या फ्लॅटमधली कविता एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिची दोन मुलं, ओम आणि सई. तिचा नवरा औषध कंपनीच्या कामाने सतत फिरतीवर. म्हणजे रविवार आला की आम्ही दोघी आणि ही तिघं. मुलांच्या हातातला मोबाईल सुटावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

*

पहिला प्रयत्न घराजवळच्या बगिच्याचा. मे महिना. घसरगुंडी पत्र्याची. ओम वर चढला, बसला आणि बसल्या बसल्या किंचाळून उठला. मांडीच्या मागे लालभडक पट्टा. म्हटलं, चूक आपली, ऊन उतरल्यावर यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर गेलो तर गेटला कुलूप.

वॉचमन आत खुर्ची टाकून बसला होता. संध्याकाळनंतर मोठी मुलं येऊन तोडफोड करतात, म्हणून वरून ऑर्डर आहे लवकर बंद करायची, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, दिवसभर पत्रा तापलेला आणि तो गार झाला की तुम्ही कुलूप लावता, मग लहान मुलांनी यायचं तरी कधी?

त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "हिवाळ्यात या ना, ताई."

*

हिवाळ्यातही गेलो आम्ही. तेव्हा झोपाळे मोकळे नव्हते. एकावर मॉर्निंग वॉकवाले काका बसून फोनवर बोलत होते, दुसऱ्यावर एक दाढीवाला मुलगा उभा राहून झोके घेत होता आणि त्याचा मित्र शूटिंग करत होता. झोपाळ्याच्या दांडीवर रंगाने लिहिलेलं होतं की तो लहान मुलांसाठी आहे. आमची तिघं समोर रांगेत उभी.

कविता गेली आणि उतर म्हणाली. तो म्हणाला, ताई, एकच रील. ती म्हणाली, तुझं वजन बघ, साखळी तुटेल. त्याने हसून आणखी जोराचा झोका घेतला. साखळी तुटली. तो गवतात पडला, उठला, पँट झटकली आणि मित्राला विचारलं की शूट झालं का.

पुढच्या रविवारी त्या सांगाड्याला पाटी लटकत होती: झोपाळा नादुरुस्त आहे, लहान मुलांनी खेळू नये.

ती पाटी बदललेली नाही. झोपाळाही नाही.

*

माझे सासरे धुळ्याला असतात. नाना. बसच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेलं, बोलणं कमी आणि बोलले की अस्सल अहिराणी. दिवाळीच्या सुट्टीत यशू त्यांच्याकडे होती. तिला घेऊन ते पांझरा नदीच्या बाजूच्या एका बगिच्यात गेले. मीही बरोबर होते. जाऊन बघतो तर हिरवळीवर मांडव, स्पीकर, खुर्च्या. कुण्या पुढाऱ्याचा वाढदिवस. झोके, सीसॉ सगळं मांडवाच्या कनातीमागे दाबून टाकलेलं.

गेटवरच्या पोराशी मी वाद घालत होते, तेवढ्यात नाना यशूचं बोट धरून सरळ आत गेले आणि पुढच्या सोफ्यावर जाऊन बसले. पांढरा सदरा, टोपी, चेहरा गंभीर. कोणी उठवायची हिंमत केली नाही. उलट, हे कोणीतरी जुने कार्यकर्ते असावेत असं समजून सूत्रसंचालकाने त्यांना स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला.

नाना म्हणाले, "मन्ही नातना झोका तुमना मांडवना मांगे दबायेल शे. तेवढा मोकळा करा." आणि माईक परत दिला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी स्वतः उठून नानांच्या पाया पडला. झोका मात्र कोणी मोकळा केला नाही. आम्ही नारळ घेऊन घरी आलो. नानांनी तो नारळ देवळात दिला नाही, घरात फोडला नाही. उकिरड्यावर फेकला. त्यांना एवढं चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

*

एक लहानसा सांगून टाकते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर प्लास्टिकचा मोठा टब ठेवला, त्यात पाणी भरलं, तिघांना बसवलं. अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ वर आले. जळगावात पाण्याची काय स्थिती आहे, धरणात किती उरलंय, यावर त्यांनी आम्हाला लेक्चर दिलं. मुलं घाबरून टबातून बाहेर आली. टबातलं पाणी आम्ही कुंड्यांना घातलं.

खाली उतरलो तेव्हा भाऊंचा ड्रायव्हर नळी लावून त्यांची गाडी धूत होता.

*

आता गिरणा नदीचं सांगते.

कविताच्या माहेरचं शेत नदीकाठी. राहुलला त्या रविवारी सुट्टी होती, म्हणून आम्ही सगळेच गेलो. पात्रात पाणी घोट्याएवढं, तळ दिसत होता. कविता म्हणाली, आम्ही लहानपणी दिवस दिवस इथेच असायचो. मुलं पाणी उडवत चालत होती. ओम पुढे होता. एक पाऊल टाकलं आणि तो दिसेनासा झाला. ओरडला नाही, काही नाही. नुसता गेला.

राहुलने चपलांसकट उडी घेतली. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. घोट्याएवढ्या पाण्याच्या शेजारी, पाण्याखाली, सरळ कापलेला खड्डा. वाळू उपसून झालेला. त्याने ओमला केसांना धरून वर आणलं. ओम खोकला, ओकला, मग रडायला लागला. तो रडला तेव्हा आम्ही श्वास घेतला.

पलीकडे थोड्याच अंतरावर वाळूचा ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मालक सगळं बघत होता. तो जवळ आला आणि आम्हालाच बोलायला लागला. नदीत लहान पोरं आणायची असतात का, लक्ष ठेवायला नको का, आणि बुडण्यासारखं इथे आहेच काय, घोटाभर तर पाणी.

कविता रडत नव्हती. तिने ओमला माझ्याकडे दिलं, ट्रॅक्टरपाशी गेली, चावी काढली आणि त्या खड्ड्यात टाकली.

"घोटाभरच आहे," ती म्हणाली. "काढून घे."

तो काठावर उभा राहिला. पाण्याकडे बघत राहिला. आम्ही गाडीत बसून निघालो तरी तो उतरला नव्हता.

*

त्यानंतर आम्ही ठरवलं की काहीही होवो, तिघांना पोहता आलंच पाहिजे. शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथल्या सरांनी सांगितलं की लहान मुलांना मोठ्या माणसाबरोबरच सोडतो. आम्ही म्हटलं, उत्तम, आम्ही आहोत. ते म्हणाले, ही जेंट्स बॅच आहे, लेडीजना आत येता येणार नाही, काठावरसुद्धा नाही. लेडीज बॅच दुपारी, पण त्या वेळेत मुलगे चालत नाहीत.

कविताने विचारलं, वडील ड्युटीवर असले की पोरांनी बुडायचं का? सर म्हणाले, वडीलच पाहिजेत असं नाही, काका, मामा, कोणीही जेंट्स चालेल.

मला काय वाटलं कोण जाणे, मी आमच्या रिक्षावाल्याकडे बोट केलं. स्टेशनजवळून त्याच्या रिक्षात बसलो होतो, याआधी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. मी विचारलं, हे चालतील?

"चालतील ना," सर म्हणाले. नाव विचारलं नाही, नातं विचारलं नाही. आयांना काठावर उभं राहता येत नव्हतं, आणि ओळखदेख नसलेल्या माणसाबरोबर दोन लहान मुली आणि एक मुलगा पाण्यात जाऊ शकत होते.

रिक्षावाला बिचारा हादरला. म्हणाला, "ताई, पण मले पोहताच येत नाही."

सर म्हणाले, "त्याचं काही नाही, नुसते उभे राहा."

*

आणि हा शेवटचा.

कविताला लॅबमध्ये कोणीतरी सांगितलं की गावाबाहेर एका शेतात पोहण्याचा छान हौद बांधलाय. बाया, मुलं, सगळे एकत्र जाऊ शकतात. लहान मुलांसाठी एका बाजूला उथळ. तिने फोन करून सगळं विचारून ठेवलं आणि रविवारी आम्ही गेलो. केळीच्या बागेत गारवा होता. हौद मुलांनी भरलेला. ओम आणि सई कपडे फेकून आत उतरलेसुद्धा. कविता पाय पाण्यात सोडून बसली.

मी यशूला पोहण्याचा ड्रेस चढवत होते. मालक जवळ आला. माणूस बोलायला गोड. वहिनी, चहा घेणार का, काही लागलं तर सांगा. मग कुठून आलात, काय करता. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं. मग गावात घर कुठे, म्हणाला.

"बुद्धविहाराजवळ," मी म्हणाले.

त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. फक्त आवाजातला गोडवा गेला. म्हणाला, तुम्ही जरा थांबा, मुलीला आत्ता सोडू नका, पाणी बदलायचंय.

मी हौदाकडे पाहिलं. पोरं डुंबत होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. शाळेत मी शंभर मुलांना एका आवाजात गप्प बसवते. इथे काय बोलायचं ते जुळवत होते, तेवढ्यात हातातून यशूचा हात सुटला.

तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला त्यातलं फक्त पाण्याचं कळलं होतं. ती हौदाच्या काठाशी गेली आणि ओरडली, "ओम, सई, बाहेर या. पाणी बदलायचंय."

कोणी बाहेर येईना, तेव्हा ती काठाकाठाने फिरून एकेका बाईला सांगायला लागली. चाळीसगावहून आलेल्या एका बाईने विचारलं, कोण म्हणालं गं? यशूने मालकाकडे बोट केलं. "ते काका म्हणाले. पाणी बदलेपर्यंत आत जाऊ नका."

ती बाई उठली. आपल्या मुलाला दंडाला धरून बाहेर काढलं, त्याची पाठ बघितली. पुरळ आलंय, म्हणाली. मग दुसरीने आपली मुलगी काढली. तिसरीने जुळे काढले. बघता बघता हौद रिकामा झाला आणि सगळ्या बाया मालकाभोवती.

तो म्हणाला, नाही हो, पाणी एकदम स्वच्छ आहे, आज सकाळीच भरलंय.

चाळीसगावची बाई म्हणाली, "मग या पोरीला का थांबवलंत?"

तोवर कविता ओल्या सलवारीने माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला बाकी काही विचारावं लागलं नाही.

"सांगा ना भाऊ," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगा. का थांबवलं?"

त्याने आमच्याकडे पाहिलं, त्या बायांकडे पाहिलं, रांगेत टॉवेल गुंडाळून कुडकुडणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग गड्याला हाक मारून म्हणाला, पाणी सोड.

खालचा वॉल्व्ह उघडला. भरलेला हौद केळीच्या बागेत जायला लागला. मला तिथून निघून जायचं होतं. पण मी बसले. मला ते पाणी जाताना बघायचं होतं, अगदी तळ दिसेपर्यंत. कविता शेजारी बसली. गड्याने खराट्याने तळ घासला. मालक मोटरच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला, त्याने बटण दाबलं. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पिचकारी, मग जाड, पांढरी, गार धार.

बाकीची मुलं आयांकडे बघत होती. यशूने कोणाकडे बघितलं नाही. ती पायऱ्या उतरून सगळ्यात आधी हौदात गेली, रिकाम्या तळावरून चालत त्या धारेखाली जाऊन उभी राहिली, आणि चेहऱ्यावरचं पाणी निपटून मालकाला हात हलवला.

"काका," ती ओरडली, "आता चांगलं आहे. सगळ्यांना सोडा."