बावखलातलं मैदान

माझं काम नकाशांचं. एका खासगी कचेरीत आम्ही शहराच्या विकास आराखड्यासाठी संगणकावर जमिनी रंगवतो. उपग्रहाचं छायाचित्र घातलं की सॉफ्टवेअर सांगतं, इथे घरं, इथे झाडी, इथे मोकळी जागा. कुठल्या वस्तीला मैदान नाही हे पाहून ते जागाही सुचवतं. आपण तपासायचं आणि ‘मान्य’ दाबायचं. मी फुलपाड्यात राहतो. आमच्या सोसायटीतली मुलं गाड्यांखालून चेंडू काढत क्रिकेट खेळतात. त्यामुळे मैदान दिसलं की माझं बोट जरा घाईच करतं.

एका सुट्टीच्या दिवशी घरी काम करत होतो. बायको चहा घेऊन आली आणि पडद्यासमोरच थबकली.

“ही आपल्या बाबांची वाडी ना? आणि बावखलात मैदान?”

बावखल म्हणजे वसईच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र जवळ असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात त्या त्याच्यामुळे. उन्हाळ्यात त्यावर हिरव्या शेवाळाची साय धरते. उपग्रहाला ते गवत वाटलं, आणि मला उपग्रहाचं पटलं. लग्नापासून मी त्याच काठावर बसून मासे खात आलो आहे. पडद्यावर मात्र मला ते ओळखू आलं नाही.

“पोहता येणाऱ्या मुलांनाच प्रवेश का?” बायकोने विचारलं.

मला हसू येईना. मसुदा त्याच आठवड्यात पुढे जाणार होता. तो तसाच गेला असता, तर एक दिवस तिथे भरावाचे डंपर उभे राहिले असते आणि कागदावर माझी मान्यता असती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. वाडी सासऱ्यांची आहे, हेही आधीच सांगून टाकलं.

“मैदानाचं आरक्षण पडलं की प्रत्येकाच्या जमिनीत काहीतरी सापडतं,” त्या म्हणाल्या. “कुणाला देऊळ, कुणाला समाधी. तुमच्या सासऱ्यांना तळं?”

नकाशावर तळं दाखवल्यावर सासऱ्यांना तिथे काहीच बांधता येणार नाही, हे मी फार गंभीरपणे समजावलं. त्यामुळे त्या आणखी हसल्या. मग म्हणाल्या, “आपल्या ॲपमधून जागेवरचा फोटो आणा, पाणी दिसलं पाहिजे. आणि एकट्या सासऱ्यांचं दुरुस्त करून चालणार नाही. त्या पट्ट्यातली सगळी मैदानं तपासा.”

आम्ही दोघं वाडीत गेलो. फोटो काढला, तर फोटोतही सुरेख हिरवळ. सासऱ्यांनी बांबूने शेवाळ बाजूला सारलं. ॲपला आपण कुठे आहोत हे उमगेपर्यंत ते पुन्हा मिटलं.

“तुमच्या फोनपेक्षा शेवाळ चपळ आहे, जावईबापू,” सासरे म्हणाले. “एक माणूस आत उभा राहिला तर कुणाला शंका राहणार नाही.”

“कोण उभं राहणार?”

त्यांनी फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं.

मी उतरलो. पाणी छातीपर्यंत आलं. काठावरून बायको म्हणाली, “थोडं हसा, सरकारी फोटो आहे.” मला तिथेच भरून आलं. “बाबा, माफ करा,” मी म्हणालो, “मला ओळखायला हवं होतं.”

“माफी बाहेर आल्यावर मागा. आधी आणखी दोन पावलं पुढे जा, म्हणजे खोलीही दिसेल.”

त्या फोटोत माझं डोकं, खांदे आणि कानावर थोडं शेवाळ आहे. पाणी मात्र स्पष्ट दिसतं.

मग शेजारच्या वाड्या. तिथल्या बावखलांवरही मी मैदानं मान्य केली होती, आणि तिथे ओळखायला बायको नव्हती. सासऱ्यांनी पुढे फोन करून ठेवले होते: “आमचे जावई येतायत, तुमच्या मैदानात उतरायला.” त्यामुळे प्रत्येक काठावर माणसं हजर होती. कुणी टॉवेल आणला होता, कुणी नुसतंच बघायला आलं होतं.

शेवटच्या वाडीत एक म्हातारी केळीखाली वाट पाहत बसली होती. फोटो झाला तरी तिने मला वर येऊ दिलं नाही.

“आत आहातच, तर त्या कोपऱ्यातले पडलेले नारळ तेवढे काठाला लावा.”

मी नारळ लावले. ओल्या बोटांना फोन दाद देईना, म्हणून काठावर उभं राहून बायकोनेच ॲपमधल्या नकाशावरचं माझं मैदान पुसलं आणि ती जागा निळी केली.