बाळंतपणाची रंगीत तालीम

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीतील समस्त रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय वर्षे छप्पन्न, मिशीसह, भर दुपारी आपल्या बैठकीच्या खोलीत बाळंतपणाच्या कळा देताना आढळला, ही बातमी खरी आहे. शेजारच्या भाभीजींनी खिडकीतून सगळं पाहिलं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

झालं असं की, मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पण माहेर म्हणजे मी एकटा. तिची आई तिच्या लग्नाआधीच गेली. तिच्या सासूबाई मनापासून बोलावत होत्या, तरी ही हटून बसली. मी व्हिडिओ बघून डिंकाचे लाडू वळले, ते तिनं बत्त्यानं फोडून मुकाट खाल्ले. एकदा मात्र कणीक मळता मळता म्हणाली, "बाबा, लेबर रूममध्ये मी हाक कुणाला मारू?"



म्हणून आम्ही डूला शोधली. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणारी बाई. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. बाईला एकटं पडू द्यायचं नाही, हेच तिचं काम. आमची डूला साकेत नगरची, भोपाळातच वाढलेली मराठी मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं मला कामाला लावलं.

"काका, कंबर कशी दाबायची ते शिकून घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्हीच आहात."

"कुठे दुखतं ते कळल्याशिवाय कसं शिकू?"

"मग व्हा ओणवे."

मी सतरंजीवर ओणवा झालो आणि मिळालेल्या भूमिकेचं सोनं केलं. हंबरडा जरा मोठा निघाला. भाभीजी खिडकीत आल्या त्या तेव्हाच.

"काका, इतना ड्रामा तो असली में भी नहीं होता," डूला म्हणाली. मुलगी पोट धरून हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच.

कळा ठरल्या तारखेच्या आधीच सुरू झाल्या. जावई नागपूरहून निघाला, पण पोचायला त्याला संध्याकाळ होणार होती. रिक्षात मी डूलानं शिकवल्याप्रमाणे कंबर दाबत राहिलो. लेबर रूममध्ये सोबत एकाच बाईला परवानगी होती. डूला आत गेली, मी बाहेर बाकावर.

दार किलकिलं झालं की आतलं ऐकू यायचं. मुलगी "आई गं" म्हणून ओरडायची आणि लगेच डूलाचा शांत आवाज, "हो, मी आहे. श्वास सोड. अजून सोड." जितक्या हाका, तितक्या वेळा ओ. एकही हाक तिनं रिकामी जाऊ दिली नाही. तिचे हे उपकार मी कसे फेडणार, मला अजून सुचलेलं नाही. बाकावर बसून मी फक्त तिच्या आवाजासोबत श्वास सोडत होतो.

दुपारी दार पूर्ण उघडलं. नर्सच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली नात, मागे घामाघूम डूला. बाहेर इतरांचे बरेच नातेवाईक ताटकळत होते. नर्सनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बच्ची की नानी कौन हैं? आगे आइए."

मी उठलो, दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्यांदेखत बोलून गेलो, "जी, नानी मैं हूँ."