सायलेन्सरवरचा पत्रा

बाबांच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, तेव्हा तो त्यांना कळलाच नाही. शनिवारी सकाळी आम्ही खंडेराव मार्केटमध्ये वालपापडी घेत होतो. भाजीवाल्या मावशी मला हळूच गुजरातीत म्हणाल्या, "बेन, दादानुं पेन्ट जुओ, बळी गयुं छे." मी वाकून पाहिलं. उजव्या पोटरीवर पँटला लिंबाएवढं भोक पडलं होतं आणि वितळलेल्या कडा आत कातडीला चिकटल्या होत्या. "काय पाहतेस?" बाबांनी विचारलं, आणि कोवळ्या शेंगा निवडत राहिले.

मोटरसायकल त्यांचीच. वीस-बावीस वर्षं तिच्यावरून ते मांजलपूरहून कारखान्यात गेले-आले. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि एक दिवस किल्ली माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आता तू चालव." मी कारेलीबागेत गणिताचे क्लास घेते. बाईमाणसाने मोटरसायकलवरून क्लासला येणं पहिले काही दिवस मुलांना नवलाचं वाटलं, पुढे कोणी बघेनासं झालं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दर शनिवारी बाबा माझ्या मागे बसून भाजीला यायचे. भाजी मात्र मला निवडू द्यायचे नाहीत.

सायलेन्सरला पूर्वी जाळीचं गार्ड होतं. त्याचा एक स्क्रू पडला, ते खडखडायला लागलं, आणि त्या आवाजाला कंटाळून मीच ते काढून भंगारवाल्याला देऊन टाकलं. नवीन बसवायचं मनात होतं, पण ते राहून गेलं. मार्केटातून डॉक्टरांकडे जाताना रिक्षात मला तेवढंच आठवत होतं.

डॉक्टरांनी पँट कापली, जखम धुतली. मग बाबांना डोळे मिटायला सांगून त्यांच्या पावलांना, पोटरीला काहीतरी टोचून पाहिलं. "लागतंय?" बाबा तीनदा नाही म्हणाले, एकदा हो म्हणाले, आणि त्या वेळी डॉक्टरांनी टोचलंच नव्हतं. साखरेमुळे पायांतली संवेदना कमी झाली आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. रोज पाय तपासायचे, अनवाणी चालायचं नाही, आणि जखम भरेपर्यंत मोटरसायकल बंद.

 घरी आल्यावर मी ताट वाढलं तेव्हा बाबा म्हणाले, "भाजलं त्याचं काही नाही गं. कळलं नाही, त्याचं वाटतं."

ते त्यांना का लागलं, हे मला कळत होतं. बाबांची सगळी नोकरी उष्णतेशी गेली. कारखान्यात वाफेचे पाइप असतात, त्यांना गुंडाळून ठेवावं लागतं. नाहीतर वाफ वाटेतच थंड होते आणि माणसं भाजतात. ते गुंडाळण्याचं काम बाबा करायचे. पाइपाजवळून उलटा हात फिरवून कुठून गरमी निसटते आहे हे ते सांगायचे, म्हणून मोठे साहेबसुद्धा त्यांना बोलावून न्यायचे. लहानपणी माझा ताप ते तसाच बघायचे, आणि थर्मामीटर त्यांच्यामागून तेच सांगायचा.

जखम भरायला पाच आठवडे लागले. ड्रेसिंग मी करायचे. त्या काळात मनातली टोचणी घालवायला मी सायलेन्सरच्या मागे लागले. आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने सांगितलं, "बेन, हीटप्रूफ रंग मारो, बस." मी रंगाचा स्प्रे आणला. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचपेपरने गंज घासला, बाकीच्या गाडीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि काळा रंग मारला. बाबा पाय स्टुलावर ठेवून खुर्चीतून बघत होते. रंग वाळल्यावर डब्यावर लिहिलं होतं तसं इंजिन थोडं चालवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालवलं. गाडी अगदी नव्यासारखी दिसायला लागली.

"पाणी आण थोडं," बाबा म्हणाले.

त्यांनी वाटीत बोटं बुडवून सायलेन्सरवर पाणी शिंपडलं. ते चर्रकन उडून गेलं.

"रंग छान बसलाय," ते म्हणाले. "आता गंजणार नाही. सायलेन्सर तापतो मात्र तेवढाच."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू एवढी मन लावून करत होतीस."

मला राग आला आणि हसूही आलं. त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर शोधून काचेच्या धाग्यांची पट्टी मागवली. शर्यतीच्या गाड्यांच्या पाइपांना गुंडाळतात ती. चार दिवसांनी पार्सल आलं. मी जेवणाच्या टेबलावर गुंडाळी सोडली, तशी बाबांनी पट्टीचं टोक चिमटीत धरलं, ओढून पाहिलं, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"उघड्या हातांनी धरू नकोस. दोन दिवस खाजत बसशील. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, हातमोजे घाल, तोंडाला रुमाल बांध. आणि बादलीत पाणी घे, भिजवल्याशिवाय ही नीट बसत नाही."

मी सगळं केलं आणि गुंडाळायला बसले. पुढून, इंजिनापासून सुरुवात केली. दोन वेढे झाले असतील, तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले.

"सरक."

"बाबा, पाय."

"पायाने नाही गुंडाळायचं."

मी त्यांना पाट दिला. हातमोजे चढवून त्यांनी माझे दोन्ही वेढे सोडले. मागून पुढे यायचं असतं, त्यांनी दाखवलं. म्हणजे समोरचा वारा आणि पाणी पट्टीच्या कडेत शिरत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. मी गुंडाळी ताणून धरली होती आणि ते वळणाशी आले की नुसतं "सोड" किंवा "ओढ" म्हणत होते. चहाचा कप उचलताना त्यांचा हात थरथरतो. त्या दिवशी तो हात थरथरला नाही. पाइपाच्या वळणावर आतल्या बाजूला पट्टीला चुण्या पडतात, तिथे त्यांनी अंगठ्याने दाबत दाबत एकही चुणी राहू दिली नाही. शेवटी स्टीलच्या क्लिपा आवळल्या, आणि घाम पुसत मला म्हणाले, "कर सुरू."

मी किक मारली. दोन मिनिटांत पट्टीतून धूर यायला लागला, तोही चांगला दाट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकी गॅलरीतून ओरडल्या, "शुं थयुं? आग लागी?" बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "पहिल्यांदा असं होतंच," ते शांतपणे म्हणाले. "आतला ओलावा आणि चिकटा जळतोय." पंधरा मिनिटांत धूर थांबला.

मला वाटलं, काम संपलं. बाबांना तसं वाटलं नाही. त्यांनी उजवा हातमोजा काढला आणि उलटा हात सायलेन्सरजवळ, न टेकवता, सावकाश पुढून मागे नेला. एका जागी थांबले. परत मागे आले. "इथे," ते म्हणाले. "या क्लिपेपाशी निसटतेय." मी हात धरून पाहिला, मला सगळीकडे सारखंच वाटलं. गाडी थंड झाल्यावर क्लिप सोडली, तर तिथे खरोखरच एक वेढा सरकून फट पडली होती.

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चित्र काढलं होतं. नुसती पट्टी पुरत नाही, वर पत्रा हवा, असं त्यांचं म्हणणं. पट्टी पाणी धरते, आणि तिला पाय टेकला तर तीही बऱ्यापैकी गरम लागते. कारखान्यात गुंडाळलेल्या प्रत्येक पाइपावर पत्रा असायचा. "आणि पत्रा चिकटवायचा नाही," ते म्हणाले. "मध्ये बोटभर जागा ठेवायची. तिथून हवा खेळली पाहिजे. निम्मं काम ती हवाच करते."

आमच्याकडे ढोकळ्याच्या मोठ्या पातेल्याचं ॲल्युमिनियमचं झाकण होतं, आईच्या वेळचं. पातेलं केव्हाच गेलं होतं. बाबांनी ते माझ्यासमोर धरलं आणि मी मानेनेच हो म्हटलं. दोन दिवस पार्किंगमध्ये लाकडी हातोडीचा ठकठक आवाज चालला होता. त्यांनी पत्र्याला सायलेन्सरच्या अंगाची गोलाई दिली, धारदार कडा आत वळवून ठोकून बसवल्या, आणि मधली जागा राहावी म्हणून खाली वॉशरांची चळत घालून तो क्लिपांवर आवळला. गाडी अर्धा तास फिरवून आणल्यावर मी त्या पत्र्यावर तळहात ठेवला. कोमट होता.

मग जाड सुती पँट, पायांत बूट आणि डॉक्टरांची परवानगी, असं सगळं जमल्यावर बाबा पुन्हा मागे बसायला लागले. मी त्यांना दर सिग्नलला विचारते, "पाय फुटरेस्टवर आहेत ना?" ते वैतागतात, पण खाली बघून खात्री करून घेतात.

पत्र्याची गोष्ट सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण आला, त्याची लहान मुलगी पार्किंगमध्ये खेळताना गाड्यांना हात लावत फिरते. मग त्याचा मित्र आला, मग शेजारच्या सोसायटीतले एक मास्तर. बाबांचा एकच नियम आहे, तापलेल्या गाडीला ते हात लावत नाहीत. गाडी लावा, वर या, तासभर बसा, मग बघू. त्यामुळे हल्ली संध्याकाळी मी क्लासवरून येते तेव्हा घरात कोणीतरी अनोळखी माणूस चहा पीत बसलेला असतो आणि बाबा त्याला अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत वाफेबद्दल काहीतरी समजावत असतात. मी पर्स ठेवते, आणखी किती कप लागतील ते विचारते आणि गॅसवर आधण चढवते.