शंकाबाईंची प्रश्नचिन्हं

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात टायपिंगला एक बाई होत्या. समोर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठीमागे शंकाबाई. हे नाव डॉक्टरांनी ठेवलं होतं, पण ते हसून वापरणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो, हे आधीच सांगून टाकतो.

ताईंचं काम तसं सरळ होतं. डॉक्टर तपासणीच्या कार्डावर हाताने लिहायचे आणि ताई ते कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. एका पेशंटची एक ओळ. नाव, फोन, तारीख, दोन्ही डोळ्यांतला दाब. कार्डावर पट्टी ठेवून ती एकेक ओळ खाली सरकवत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. डॉक्टरांचं अक्षर असं की एकाचा सात व्हायचा आणि तिनाचा आठ. पूर्वी शंका आली की ताई कार्ड घेऊन दोन जिने चढायच्या, डॉक्टरांना विचारायच्या आणि धापा टाकत खाली यायच्या. दिवसातून दहा वेळा. शेवटी मोठे डॉक्टर वैतागले. शंका असेल तिथे आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाका, संध्याकाळी एकदम बघू, म्हणाले. संध्याकाळी कोणी काही बघत नसे. ताई मात्र इमानेइतबारे प्रश्नचिन्हं टाकत राहिल्या.

मी तिथला प्रोग्रामर, एकुलता एक. त्यामुळे डोक्यात हवा जायला वेळ लागला नव्हता. मला काम दिलं ते ताईंच्या फायलींतून यादी काढायचं. ज्याचा दाब एकवीसच्या वर, म्हणजे धोक्याचा आहे आणि जो तीन महिन्यांत फिरकलेला नाही, त्याला दवाखान्यातून फोन जाणार होता. दाब वाढला की काचबिंदूची भीती, आणि काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही की खुपत नाही. नजर कडेकडेने जात राहते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून त्या फोनला किंमत.

प्रोग्राम मी रस्ट नावाच्या भाषेत लिहिला. ही भाषा मोठी चिकट. फायलीतली अक्षरं घेऊन त्यांचा आकडा करायचा म्हटलं, की ती तुम्हाला नुसता आकडा देत नाही. एक बंद पाकीट देते. आत आकडा असेल, नाहीतर ‘जमलं नाही’ अशी चिठ्ठी असेल. चिठ्ठी निघाली तर काय करणार, हे ठरवल्याशिवाय आतला आकडा हाती लागत नाही. थांबणार? ओळीचा नंबर लिहून माणसाला दाखवणार? की गप्प बसवणार? म्हणजे पुढे माझ्या हातून जे झालं, त्याबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मला विचारलं होतं. दर वेळी विचारलं होतं.

ताईंच्या ‘३८?’सारख्या आकड्याला ‘जमलं नाही’ची चिठ्ठी निघायची. आकड्यात प्रश्नचिन्ह बसत नाही. प्रोग्राम दर पंधरा-वीस ओळींनी थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना तो दाखवायचा होता. माझा जीव मेटाकुटीला आला. मी एवढंच लिहिलं, की जमलं नाही तर शून्य धर. बाजूला स्वतःसाठी टीप टाकली, ‘नंतर बघू’. प्रोग्राम तीन सेकंदांत सुरळीत धावला. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. डोळ्यातला दाब शून्य असलेला माणूस कधी कोणी पाहिलाय का, हे माझ्या मनातही आलं नाही.

सहा महिन्यांनी एक शिंपी आला. एकटाच, दुकानातून तसाच उठून आलेला, गळ्यात टेप. डावा डोळा गेला होता. मागच्या तपासणीचं कार्ड काढलं तर दाब अडतीस, आणि आमचा एकही फोन नाही. यादीत नावच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि ताईंकडे बघत म्हणाले, टाइप करायचं राहिलं असणार. ताई म्हणाल्या, राहिलं असेल, चूक माझीच. डॉक्टरांनी मला फाईल तपासायला सांगितलं.

मी खाली येऊन फाईल उघडली. ओळ होती. अडतीस, पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या प्रोग्रामने त्याचं शून्य धरलं होतं, आणि शून्य काही एकवीसच्या वर जात नाही. मी वर जाऊन सांगितलं, जुनी फाईल आहे, सापडायला वेळ लागेल.

तेवढं एक वाक्य. मग ते रोज निभावून न्यायचं. प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करता आला असता, पण यादी एकदम वाढली असती आणि कशी वाढली हे लोकांनी विचारलं असतं. म्हणून मी त्याला हातच लावला नाही. ताई दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेल्या. निवृत्तीला आठ महिने असताना त्यांनी राजीनामा पाठवला. कॅन्टीनमध्ये लोक म्हणाले, एवढी शंकाबाई आणि शेवटी घोटाळा केलाच. मी चहा पीत होतो. मान डोलावली की नाही आठवत नाही. बहुतेक डोलावली.

अकराव्या दिवशी राजीनामा मंजूर होणार असं कळलं आणि मी त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांच्या यजमानांनी दार उघडलं. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं आणि ही येईलच आता म्हणाले. कुठे गेल्यात, मी विचारलं.

“त्या शिंप्याकडे. रोज दुपारी जाते. त्याला सुया ओवून देते, दुसऱ्या दिवशी पुरतील एवढ्या.” मग आवाज खाली करून म्हणाले, “जेवत नाही हो धड. तुम्ही ऑफिसातले आहात, तुमचं ऐकेल. चूक माणसाकडून होते, असं सांगा तिला जरा.”

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. खरी लाज. आधीचे अकरा दिवस वाटत होती ती नुसती भीती होती.

ताई आल्या. पिशवी खुंटीला लावली आणि मला बघून कसनुशा हसल्या. मी उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. तुमची ओळ होती. तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी त्याचं शून्य केलं. त्यांचे यजमान माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले. ताई खुर्चीवर बसल्या.

“तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

त्यांनी मला धारेवर धरावं असं मला फार वाटत होतं. मी त्यासाठीच आलो होतो म्हणा ना. त्या म्हणाल्या, “आणि बाकीचे?”

“बाकीचे कोण?”

“अरे, प्रश्नचिन्ह मी आयुष्यात एकदाच टाकलं का?”

अकरा दिवस मी माझ्या नोकरीचा, माझ्या अब्रूचा आणि त्यांच्या राजीनाम्याचा विचार करत होतो. अशी प्रश्नचिन्हं किती, हे एकदाही मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला शब्दही खोटा नव्हता. मग मी ते शून्य काढलं आणि न जमलेली प्रत्येक ओळ तिच्या नंबरासकट, ताईंनी लिहिली तशीच वेगळी काढली. चारशे बारा ओळी. ताई रजा मोडून आल्या, तळघरातून कार्डं आणवली आणि भिंग घेऊन बसल्या. त्यातली एकोणीस एकवीसच्या वरची निघाली, आणि ती माणसं अजून फिरकलेली नव्हती.

“फोन तू लाव,” ताई म्हणाल्या. “आणि ‘आमच्याकडून राहिलं’ असं म्हणू नकोस. कोणाकडून राहिलं ते सांग.”

तसंच सांगितलं. कोणी रागावलं, कोणी बरं म्हणालं. सतरावा फोन एका निवृत्त शिक्षिकेला लागला. मी माझं नाव सांगितलं, चूक सांगितली, आजच या म्हणालो.

“बरं झालं बाई फोन केलात,” त्या म्हणाल्या. “उजवीकडून कोणी आलं की कळेनासंच झालंय. मला वाटलं, चष्मा बदलायला झाला.”

कधीपासून, मी विचारलं.

“फार नाही. आठवडा झाला असेल.”

ताईंनी कार्डावरून मान वर केली. मला कळून तर अकरा दिवसांच्या वर झाले होते. किती वाजता यायचं, कुठला मजला, खोलीचा नंबर असं काहीबाही मी सांगत राहिलो. त्या बाईंनी ते सगळं शांतपणे लिहून घेतलं, आठवणीने फोन केल्याबद्दल माझे दोनदा आभार मानले आणि फोन ठेवला.