सालोमीची रिकामी रांग

भुईगावची सालोमी तापट, असं गाव म्हणतं. गावाला म्हणायला काय जातं. तिच्या शेजारी राहून तिचा राग मी जवळून पाहिलाय, आणि तो रास्त होता.

ब्याऐंशी साली फादरांनी देवळात मिस्सेच्या उपासनेत सांगितलं, की बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ख्रिस्ताच्या याजकपणात वाटा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी सालोमीला शिकवून तयार केलं, बिशपांची परवानगी आणली आणि एका रविवारी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर झालेली भाकर, लोकांना द्यायला आपल्या शेजारी उभं केलं. झालं. तिच्यासमोरची रांग बघता बघता फुटली आणि लोक फादरांच्या रांगेत घुसले. उरलो मी आणि तिचा नवरा जेम्स. म्हणे, तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. अरे, वाडीत राबणाऱ्या कुणाच्या बोटांवर नाहीत ते?

सर्वांत आधी रांग सोडली ती उर्सुलाने, जेम्सच्या थोरल्या बहिणीने.

ही उर्सुला बिनलग्नाची, भावाच्याच घरी राहायची. पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं. तिचं गू-मूत काढणं, अंघोळ घालणं, पेज भरवणं, सगळं सालोमीच्या गळ्यात. दिवाळीच्या सुमारास दुखणं विकोपाला गेलं आणि उर्सुलाने कम्युनियनचा ध्यास घेतला. नेमके आसपासचे सगळे फादर रिट्रीटला, ध्यान-प्रार्थनेच्या शिबिराला, गेलेले. म्हणून सालोमी देवळातून ख्रिस्तशरीर घेऊन आली, मेणबत्ती लावली. मीही तिथे गुडघे टेकले होते.

"फादरना येऊ दे," उर्सुला म्हणाली.

"बाय, माझ्या हातची पेज चालते ना तुला? हेच ते हात."

"पेज वेगळी. तुझ्या हातून हे घेतलं तर मला पाप लागेल." तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

सालोमी रागारागाने ते देवळात परत ठेवून आली. आल्यावर पेज गरम केली. उर्सुलाने ती निमूट खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती गेली, फादर यायच्या आत.

सालोमी तिचे केस विंचरत होती, तेव्हा जमलेल्या बायका हळहळल्या, "बिचारी कम्युनियनविना गेली गं."

सालोमीने फणी खाली ठेवली.

"ख्रिस्त आला होता तिच्या ओठांपर्यंत. त्या रविवारी तुमच्यातली एक जरी माझ्यासमोर उभी राहिली असती, तर हिने तोंड उघडलं असतं."