ओट्यासमोरची मुलाखत

माझी धाकटी जाऊ विद्यापीठात शिकवायची असं सांगितलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. तासावर शिकवायची म्हटलं की तीच मान मध्येच थांबते. म्हणून मी हल्ली तासावरचं आधी सांगते, ज्याला थांबायचंय त्यानं तिथंच थांबावं. तासावर म्हणजे जितके तास तितकेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि दर वर्षी नव्यानं अर्ज. विषय कोणता, तर 'लिंगभाव आणि सामाजिक न्याय'. न्याय शिकवायचा, आणि तोही तासावर! मी तिला घरात प्रोफेसर म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीनं, आणि पुढे पुढे अगदी मनापासून.

आता ती लेकीकडे राहायला गेली आहे, लांब. पण मोठी सुट्टी संपत आली की मला अजून काहीतरी चुकल्यासारखं होतं. त्याच दिवसांत विभागाच्या दाराबाहेर जागांची सूचना लागायची आणि हिचं जेवणावरचं लक्ष उडायचं. समितीपुढे छोटंसं व्याख्यान द्यावं लागे, जणू काही आदलं वर्षभर तिथं दुसरंच कुणी शिकवत होतं. त्याची तालीम आमच्या स्वयंपाकघरात चालायची. ओट्याशी मी, दाराच्या चौकटीत ती. समिती म्हणजे मीच.

पहिल्या वर्षी मी तोंडावर सांगितलं होतं, बायका घरात काय करतात ते शिकायला विद्यापीठात कशाला जायला हवं, पाठवा माझ्याकडे, कांदे सोलायला लावते सगळ्यांना. ती रागावली नाही. म्हणाली, असंच विचारा वहिनी, तिथंही कुणीतरी हेच विचारणार. मग काय, मला चेवच आला. भाजी चिरता चिरता मी शंका काढायचे, आणि कढई तापून आवाज करायला लागली की तिला मोठ्यानं बोलायला लावायचे. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे ना! घरकामाची किंमत कोण ठरवतं यावरून तर आमचं असं जुंपायचं की दीर बाहेरून विचारायचे, भांडण चाललंय की अभ्यास? दोन्ही, असं आम्ही दोघी एकदम सांगायचो. मात्र माझे हात कधी रिकामे नसत. इतक्या वर्षांत तिचं एकही व्याख्यान मी नुसतं बसून ऐकलं नव्हतं.

या तालमीनं एकदा भलताच घोळ केला. समितीचे अध्यक्ष चांगले झुबकेदार मिशांचे गृहस्थ. ते तिला मध्येच टोकायला लागले आणि ही सवयीनं म्हणून गेली, "थांबा हो वहिनी, येतेच आहे मी त्यावर." मग अध्यक्षच आधी हसले आणि वहिनी कोण म्हणून चौकशी केली. हिनं सांगितलं. झालं, तेव्हापासून माझी तिथं कायमची वर्णी लागली, तीसुद्धा अर्ज न करता. दर वर्षी मुलाखत संपता संपता ते विचारायचे, तास संध्याकाळचे आहेत, घरी कोण बघतं? ती म्हणायची, वहिनी बघतात. मग काळजी नाही, असं ते म्हणायचे आणि तिची निवड व्हायची. हे ऐकून मी अशी फुगायचे की विचारू नका! बघ, तुझी नोकरी माझ्या जिवावर चाललीय, असं ऐकवायचे. ती त्यावर नुसती आत निघून जायची. मला वाटायचं, दमली असेल.

मग एका वर्षी तास कमी झाले आणि एकालाच घेणार असं कळलं. समोर एक नव्या पदवीचा तरुण होता. वर्ग म्हणजे हिचा जीव की प्राण. जुन्या विद्यार्थिनी भर रस्त्यात थांबवून बोलायच्या तेव्हा हिचा चेहरा असा उजळायचा की मला हेवा वाटायचा. म्हणून त्या वर्षी मी तिची तालीम अगदी घासूनपुसून घेतली. शेवटी तिनं हळूच विचारलं, घरचा प्रश्न यंदाही आला तर उलट विचारू का, की हा त्या मुलालाही विचारलात का? मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करू नकोस. आधी जागा मिळू दे, मग वर्षभर वर्गात काय बोलायचं ते बोल.

संध्याकाळी ती आली. चपला काढल्या, पण खांद्यावरची पिशवी काही खाली ठेवली नाही.

"मी विचारलं, वहिनी."

अध्यक्षांनी म्हणे चष्मा पुसला आणि पुढच्या उमेदवाराला पाठवा म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास, असं मी तिला वाट्टेल ते बोलले.

"दर वर्षी मला जागा मिळायची ती तुमच्या नावावर," ती म्हणाली. "वर्गात मी बायकांच्या कामावर बोलायचे आणि इथं तुमच्यावर घर टाकून जायचे. तुम्हाला काय हवं होतं ते मीही कधी विचारलं नाही. यंदा ते उत्तर तोंडातून निघेना."

मी ओट्याकडे तोंड फिरवलं. रडू आलं, सरळ सांगते. निमित्त सांगायला हाताशी कांदासुद्धा नव्हता.

जागा त्या तरुणाला मिळाली. तासावरच्या माणसाला कुणी काढून टाकत नाही हो, नुसतं पुन्हा बोलवत नाहीत. निरोप समारंभ नाही, चार बरे शब्द नाहीत, काही नाही. आणि हे न्याय शिकवणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पुढच्या वर्षी सुट्टी संपत आली. सूचना लागली असणार, पण प्रोफेसरबाई वर्तमानपत्र चाळत बसल्या होत्या, तेच पान पुन्हा पुन्हा. मला ते बघवेना. मी बटाटे पुढ्यात घेतले, चाकू घेतला आणि हाक मारली, समिती बसलीय, ये.

"मला कुणी बोलावलंय, वहिनी?"

"मी बोलावलंय."

ती येऊन चौकटीत उभी राहिली. सुरुवात अगदी पुटपुटत केली. मी म्हटलं, मागच्या बाकावर ऐकू येत नाही. तशी हसली, आणि मग अशी काही बोलली की शंका काढायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. शेवटी मी अध्यक्षांसारखा घसा खाकरला आणि विचारलं, तास संध्याकाळचे आहेत, घरी कोण बघतं?

ती पुढे आली आणि माझ्या हातातला चाकू काढून घेतला.

"आज मी बघते. तुम्ही खुर्चीत बसा."

बटाटे चिरत चिरत तिनं व्याख्यान पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. फोडी ओबडधोबड होत होत्या, होऊ दिल्या. रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत ऐकत बसले.