न सापडलेल्या कणाचा सत्कार

माझा सत्कार ठरवला तो वडिलांनीच. सेलूच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, आणि मुलगी परगावच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. दिवाळीत घरी आले तेव्हा मी म्हणाले होते, की जड क्वार्क असलेल्या एका कणाचं विघटन बहुधा हाती लागलंय. त्यातलं 'बहुधा' त्यांनी सोयीस्करपणे गाळलं.

असा कण जन्मतो, जेमतेम मिलिमीटरभर जातो आणि आपोआप मोडतो, हेच विघटन. काचेवरच्या फोटोच्या जाड लेपात त्याची रेघ उमटते आणि पुढे तिला फाटे फुटतात. देवगाव फाट्याला रस्ते फुटतात तसं, असं मी त्यांना समजावलं होतं. तेच त्यांनी वर्गात सांगितलं, किराणा दुकानातही सांगितलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदामुळे सत्कार एकदा पुढे गेला. मधल्या काळात मी ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. रेघ फुटते तिथेच एक आखूड काळा डाग होता, धूळ म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलेला. ती धूळ नव्हती. कण आपोआप मोडलाच नव्हता. वाटेत एका अणुकेंद्राला धडकला होता आणि हा डाग म्हणजे त्या केंद्राची उडालेली कपची होती.

सत्काराच्या दिवशी घरी पोचल्यावर सांगितलं, ते विघटन नव्हतं. वडिलांचा चेहरा उतरला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, सेलूतली बडी मंडळी येणार होती.

"आजच्या दिवस गप बस माय," ते म्हणाले. "कोणाला काय कळायलंय?"

तेच मला झोंबलं. कळत नाही म्हणून काहीही खपवायचं? शाल अंगावर पडायच्या आधी मी माईक घेतला आणि झालेली चूक तेवढी सांगून मोकळी झाले. कुजबुज झाली, कुणीतरी हसलं. पाहुण्यांनी शाल परत घडी करून ठेवली. वडील मान खाली घालून मंचावरून उतरले आणि एकटेच घरी गेले. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. चुकलेलं उत्तर खोडायला यांनीच तर शिकवलं होतं.

मी निघेपर्यंत घरात अबोला होता. आईने दटावलं म्हणून ते स्टेशनवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. रुळांकडे बघत त्यांनी विचारलं, "ते विघटन न्हाई, हे कोणी शोधलं?"

"मीच."

त्यांनी रुळांवरची नजर माझ्याकडे वळवली.

"अन् हे तू तिथं बोललीच नाहीस," ते म्हणाले. "मी त्याचाच सत्कार केला असता."